‘नवीनच टाका’

‘नवीनच टाका.’ हे दोन शब्द हल्ली शेतकऱ्याच्या कानावर इतके पडतात, की ‘राम राम’ पण तितका पडत नाही. मोटर तापली, नवीन टाका. पंप गळतोय, नवीन टाका. कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय, नवीनच टाका. सांगणारा यंत्राकडे धड बघतसुद्धा नाही. हातातल्या मोबाईलकडे बघत सांगतो.

मला या दोन शब्दांशी भांडायचं आहे. भांडण मोघम नको, म्हणून एकच दुखणं धरतो. जुन्या ट्रॅक्टरचा ओव्हरफ्लो होणारा कार्बोरेटर.

आता ट्रॅक्टरला कार्बोरेटर म्हटलं की आजची पोरं हसतात. त्यांनी बघितलेला ट्रॅक्टर डिझेलचा. डिझेलच्या इंजिनाला पंप आणि नोझल असतो, कार्बोरेटर नसतो. पण पूर्वी पेट्रोलचे आणि पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायचे ट्रॅक्टर होते. आमच्या थोरल्या चुलत्यांनी जुन्यात घेतलेला राखाडी फर्ग्युसन त्यातलाच, पेट्रोलचा. नांगरटीला आता तो नाही जात, पण पाण्याची टाकी ओढतो, पाळी घालतो. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत असे पाच लाखांवर ट्रॅक्टर निघाले. हॅरी फर्ग्युसन नावाच्या माणसानं त्यात हायड्रॉलिकची आणि मागं तीन ठिकाणी अवजार जोडायची सोय बसवली. आज शोरूममधून कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर आणा, मागं अवजार जोडायची रीत त्याचीच आहे. ४ जानेवारी १९५८ ला एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोचले, ते याच जातीच्या ट्रॅक्टरांना पट्टे बसवून. त्या बर्फात डीलर नव्हता. ‘नवीनच टाका’ म्हणायला कुणी नव्हतं. जे बिघडेल ते हातानं खोलायचं, बघायचं आणि पुढं जायचं, एवढा एकच रस्ता होता.

आणि ते जमत होतं, कारण यंत्र खोलता येईल असंच बनवलेलं होतं.

कार्बोरेटर हे काय मोठं गूढ नाही. तुमच्या घरावर सिंटेक्सची टाकी असेल तर तिच्यात बॉल कॉक असतो. पाणी वर आलं की चेंडू वर येतो, कॉक बंद होतो. पाणी उतरलं की चेंडू खाली, कॉक चालू. कार्बोरेटरच्या वाटीत हेच आहे. चेंडूच्या जागी फ्लोट, कॉकच्या जागी एक सुई आणि ती जिथं बसते ती सीट. वाटी भरली की फ्लोट सुईला वर ढकलतो, पेट्रोल बंद. इंजिनानं पेट्रोल ओढलं की फ्लोट उतरतो, सुई सुटते, पेट्रोल चालू. सगळ्या यंत्राचं शहाणपण हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत आहे.

ती सुई नीट बसली नाही, की वाटी भरून वाहते. यालाच ओव्हरफ्लो म्हणायचं. फर्ग्युसनची टाकी इंजिनाच्या वर. पेट्रोल आपल्या वजनानं खाली येतं, त्याला पंप लागत नाही. म्हणून कॉक उघडा राहिला आणि सुई गळत असली, तर इंजिन बंद असलं तरी रात्रभर थेंब थेंब चालू राहतो. याचा कार्बोरेटर खालून वर हवा ओढणारा, त्यामुळं जास्तीचं पेट्रोल हवेच्या वाटेनं जमिनीवर पडतं. काही दुसऱ्या इंजिनांत ते आत सिलिंडरमध्ये उतरतं, तिथून तेलात जातं आणि तेल पातळ करून इंजिन खातं. इकडं जमिनीवर पडतं तर शेजारी कडब्याची गंजी असते. तेव्हा गळणारा कार्बोरेटर ही ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणायची गोष्ट नाही. दुरुस्ती करा म्हणून मी भांडतोय, दुर्लक्ष करा म्हणून नाही.

आता ती सुई बसत का नाही, याची कारणं एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. पहिलं कारण घाण. सुई आणि सीट यांच्यात गंजाचा एक कण अडकला, की बास. वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकं टकटक केलं तर कधीकधी कण सुटतो आणि गळती थांबते. थांबली, तर रोग काय होता ते कळलं. दुसरं, सुईच्या टोकाला झिजून गोल कड पडलेली असते. नखानं चाचपलं तरी लागते. तिसरं, फ्लोटला बारीक भोक पडून आत पेट्रोल शिरलेलं असतं. मग तो तरंगायचा कसला, बुडतो. कानाशी धरून हलवला की आत खळखळ वाजते. गरम पाण्यात बुडवला की जिथून बुडबुडा येईल तिथं भोक. पितळेचा फ्लोट असेल तर आतलं पेट्रोल सगळं काढून, वाफसुद्धा घालवून मगच डाख द्यायचा. आणि डाख कमी द्यायचा, नाहीतर फ्लोट जड होऊन परत तोच रोग. चौथं, सीटखालचं वॉशर. ते आधी कुणीतरी खोलताना पाडलेलं असतं किंवा भलत्याच जाडीचं घातलेलं असतं, आणि वाटीतली पेट्रोलची पातळी वर चढते. पाचवं, फ्लोटची खीळ झिजून तो कडेला घासतो.

एवढंच. यातलं एकही कारण ‘आख्खा कार्बोरेटर टाकून द्या’ असं सांगत नाही. टाकी काढायला सांगतं, वाटी खोलायला सांगतं, जास्तीत जास्त सुई-सीट बदलायला सांगतं.

हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. दहावीच्या पुस्तकात तर यातलं काही नव्हतंच. आमच्या पंचक्रोशीत एक इंजिन मिस्त्री होते, सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. ते कधी पाना हातात घेऊन सुरुवात करायचे नाहीत. आधी खाली बसायचे, बघायचे, वास घ्यायचे. मग आम्हा पोरांना विचारायचे, “सांग रं बाळ, कुठनं गळतंय? आन् कधी गळतंय? चालू असताना का बंद असताना?” उत्तर आल्याशिवाय हात लावायचे नाहीत. जेट साफ करायला तारेचा तुकडा उचलला की हातावर फटका बसायचा. “भोक मोठं झालं की पेट्रोल जास्त पिणार त्ये. आयुष्यभर पाजत बसशील.” शिंदीच्या केरसुणीची काडी आणि सायकलचा पंप, एवढ्यावर जेट साफ व्हायचा. कामाला बसायच्या आधी कॉक बंद, विडी बंद. रात्री कंदील घेऊन हे काम करायचं नाही, हा त्यांचा नियम. काम झालं की काढलेला जुना पार्ट धन्याच्या हातात द्यायचे. “ह्यो बगा, ह्यो खराब झालता.” शेतकऱ्याला आपले पैसे कशाला गेले ते डोळ्यांनी दिसायचं.

त्यांच्यासारखं तालुक्याच्या गावात आता कोण आहे? दुकानं आहेत, काचेची आहेत. पण त्यांच्यातला पोरगा मिस्त्री नाही, पार्ट बदली करणारा आहे. त्यात त्या पोराची चूक नाही. त्याला खोलून बघायला कुणी शिकवलंच नाही, आणि खोलून बघण्यात जाणाऱ्या तासाचे पैसे त्याला कुणी देत नाही. पार्ट विकला तर मालकाला सुटतात. सुई साफ केली तर काय सुटणार?

आमच्या भावकीतल्या एका पोरानं पॉवर विडर घेतला, पेट्रोलचा. दुसऱ्याच हंगामात ओव्हरफ्लो. नेला दुकानात. त्यांनी न खोलता नवीन कार्बोरेटर बसवला, हजाराच्या वर बिल घेतलं. आठ दिवसांत परत ओव्हरफ्लो. दुकानदार म्हणाला, “पेट्रोल खराब असेल.” पोरगा माझ्याकडं आला. “आबा, आता काय करू? परत नवीन टाकायला सांगत्यात.” म्हटलं, “आधी टाकी उतरव.” टाकी उतरवली, उलटी केली, फडक्यावर गाळली. तळाला मुठीतला चिमूटभर गंज आणि पाण्याचे थेंब. जुना कार्बोरेटर निर्दोष होता, नवीनही निर्दोष होता. घाण वरून येत होती. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी गत. टाकी धुतली, नळीत साठ-सत्तर रुपयांचा फिल्टर बसवला, जुनाच कार्बोरेटर साफ करून लावला. तो अजून चालतोय. नवा डब्यात पडलाय.

मला सांगा, ही हजार रुपयांची चोरी नाही तर काय आहे? खिसा कापणाऱ्याला आपण चोर म्हणतो. न बघता पार्ट बदलणाऱ्याला टेक्निशियन म्हणतो.

टाकीत पाणी कुठून आलं, हेही सांगायला हवं. मी ऊसवाला आहे, त्यामुळं इथेनॉलच्या विरुद्ध बोलायचं माझं तोंड नाही आणि इच्छाही नाही. उसाला चार पैसे जादा मिळणार असतील तर इथेनॉल व्हायलाच पाहिजे. पण जून २०२२ मध्ये देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचा टप्पा झाला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा, तेव्हा शेतातल्या यंत्राला काय करायचं हे गावात येऊन कुणी सांगितलं? इथेनॉल हवेतलं पाणी धरतं. रोज चालणाऱ्या गाडीत ते टिकायच्या आत जळून जातं. पण आमची यंत्रं चार महिने चालतात आणि आठ महिने शेडात उभी असतात. उभ्या टाकीत पाणी बसतं, पत्र्याला गंज चढतो, जुन्या रबराच्या पॅकिंगा फुगतात. उपाय फुकटातला आहे. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची, कॉक बंद करायचा, आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे वाटी कोरडी होते. दोन ओळींची गोष्ट. ती यंत्राबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात असली तरी इंग्रजीत असते, आणि तेही मुंगीच्या अक्षरात.

माझ्याविरुद्ध लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. पहिलं म्हणणं, “आबा, वेळ कुणाला आहे? पेरणी तोंडावर आली की कोण वाटी खोलत बसतो?” बरोबर आहे. पण हिशेब करा. वाटी खोलून, साफ करून, परत बसवायला तास-दीड तास. तालुक्याला नेणं, ‘पार्ट मागवलाय’ ऐकणं, परत जाऊन आणणं, यात दोन दिवस ते आठ दिवस. वापसा आठ दिवस थांबत नाही. ज्याला वेळ नाही त्यानंच आधी खोलून बघायला शिकलं पाहिजे.

दुसरं म्हणणं, सुटा पार्ट मिळत नाही. हे मात्र खरं आहे, आणि इथंच माझा खरा राग आहे. रुपयाच्या पार्टसाठी शंभराचा डबा विकायचा, ही चाल आहे. सुई वेगळी नाही, सीट वेगळी नाही, पॅकिंग वेगळं नाही. घ्या पूर्ण सेट. उद्या चपलेचा अंगठा तुटला तर चांभार म्हणेल का, की दोन्ही पायांचे नवीन जोड घ्या?

तिसरं म्हणणं, जुन्याला किती दिवस चिकटून बसणार? मी जुन्याचा पुजारी नाही. कार्बोरेटरच्या बॉडीला तडा गेला असेल, आटे गेले असतील, थ्रॉटलचा दांडा झिजून बाजूनं हवा ओढत असेल, तर खुशाल बदला. तिथं डागडुजी करत बसणं हा अडाणीपणा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि मोटारसायकलींचा कार्बोरेटर जवळजवळ गेलाच, त्याचंही मला दुःख नाही. धूर कमी झाला, चांगलं झालं. माझं म्हणणं एवढंच, की बदलायचं का नाही हे खोलून बघितल्यावर ठरवा. डॉक्टरनं नाडी न बघता पाय कापायला सांगितला, तर आपण ऐकतो का?

ही चाल फक्त आमच्या तालुक्याची नाही. अमेरिकेतल्या शेतकऱ्यालाही हाच वनवास आहे, उलट जास्त. तिथल्या नव्या ट्रॅक्टरात कॉम्प्युटर, आणि कुलूप कंपनीच्या हातात. म्हणून कोलोरॅडो राज्यानं २०२३ साली कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. शेतीयंत्राचे पार्ट, हत्यारं आणि माहिती कंपनीनं शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मिस्त्रीलाही द्यायची, असा तो कायदा. आपल्याकडं केंद्राच्या ग्राहक खात्यानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. कुठल्या वस्तू आधी घ्यायच्या त्यात शेतीची अवजारं आहेत, मोबाईल आहेत, घरातली उपकरणं आहेत, गाड्या आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं पोर्टलही निघालं. चांगली गोष्ट आहे. पण पोर्टलवर हक्क असून भागत नाही, तो दुकानाच्या काउंटरवर असावा लागतो. तिथं अजून ‘नवीनच टाका’च चालू आहे.

सरकारची योजना बघा. कृषी यांत्रिकीकरणातून नवीन यंत्राला ४०-५० टक्के अनुदान. अर्ज करा, यंत्र येतं, फोटो निघतो. तेच यंत्र दोन वर्षांनी बिघडलं की त्याच्याकडं बघायला कुणी नाही. खरेदीला सरकार, दुरुस्तीला नशीब. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा कोर्स आहे. त्यातून बाहेर पडलेल्या पोराला गावात बसून दुरुस्तीचं दुकान टाकायला हत्यारांचा एक संच दिला, तर चार गावांची यंत्रं भंगारातून वाचतील. त्या संचाला एका नव्या यंत्राच्या अनुदानापेक्षा जास्त पैसे लागणार नाहीत.

आणि दुरुस्ती म्हणजे मागासलेपण, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच मुलखाकडं बघावं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. सायकली विकायच्या, बिघडलेल्या नीट करायच्या. तिथून पुढं लोखंडी नांगर आला आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्याला दुसऱ्यानं केलेली वस्तू खोलता येते, त्यालाच एक दिवस स्वतःची वस्तू करता येते. नुसतं बदली करणारा आयुष्यभर गिऱ्हाईकच राहतो. आज आपण पोरांच्या हातातून पाना काढून घेतोय आणि वर म्हणतोय, पोरांना धंदा सुचत नाही.

म्हणून माझ्या मागण्या मोजून चार आहेत. शेतीच्या प्रत्येक यंत्राबरोबर वाचता येईल अशा मराठीत दुरुस्तीचं पुस्तक, चित्रासकट. सुटे पार्ट सुटेच विकायचे, त्यांची किंमत दुकानात लिहून लावायची. अनुदानात खरेदीबरोबर दुरुस्तीलाही वाटा. आणि काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, न मागता.

पहिल्या तीन गोष्टी सरकारनं आणि कंपन्यांनी करायच्या आहेत, त्या कधी होतील ते होतील. चौथी आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी दुकानात कुणी ‘नवीनच टाका’ म्हणाला, की बिलाचं पाकीट बाहेर काढू नका. बाकड्यावर बसा आणि शांतपणे म्हणा, “आधी खोल, मला दाखव, कशानं गळतंय ते सांग. मग बघू.” त्याला सांगता आलं तर तो मिस्त्री आहे, त्याला मागितलेली मजुरी घासाघीस न करता द्या. सांगता आलं नाही, तर आपलं यंत्र उचला आणि घरी आणा. कॉक बंद करा आणि वाटी स्वतः खोला.